मसाल्यावर यंत्र धरलं की भेसळ कळते का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मिरच्या गच्चीवर वाळत पडल्या आणि डंकावर नंबर लागायला लागले की या सदरात मसाल्याचे प्रश्न येतातच. पण यंदा बऱ्याच जणांनी एकाच गोष्टीबद्दल विचारलंय, ते म्हणजे हातात धरायचं, पिस्तुलासारखं किंवा मोबाईलएवढं यंत्र, जे पुडीवर धरलं की म्हणे लगेच भेसळ सांगतं. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीये. पत्रं लांब होती, मुद्दा तेवढा ठेवून कापली आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई, टीव्हीवर दाखवलं की एक अधिकारी हळदीच्या पोत्यावर यंत्र धरतो आणि मिनिटाभरात आकडा येतो. आमच्या सोसायटीत विषय निघाला की सगळ्यांनी वर्गणी काढून असं एक यंत्र घ्यावं, प्रत्येकाने आपापला मसाला तपासावा. कुठलं घ्यावं आणि साधारण काय बघून घ्यावं? (एक गृहिणी, डोंबिवली)

ताई, वर्गणी काढू नका. हे मी सुरुवातीलाच सांगते कारण नंतरचं उत्तर लांबलचक आहे.

भेसळ ओळखणारं असं एक यंत्र नसतंच. हातात मावणारी तीन वेगवेगळ्या जातीची यंत्रं आहेत, प्रत्येकाला एकाच प्रकारची गोष्ट दिसते आणि बाकीच्या बाबतीत ते आंधळं असतं. तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ते बहुतेक एक्सआरएफ. ते पुडीवर एक्स-रे मारतं, त्या माऱ्याने अणूच्या आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन उडतो, त्याच्या जागी बाहेरच्या कक्षेतला येतो आणि येताना स्वतःचा एक्स-रे सोडतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या या किरणाची ऊर्जा ठरलेली असते. शिशाचे दोन ठळक किरण साधारण १०.५ आणि १२.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतात, क्रोमियमचा ५.४ ला. म्हणजे हळदीत शिसं आहे का आणि अंदाजे किती, हे एक्सआरएफ फार छान सांगतं, अगदी काही पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅम). पण त्याच हळदीत मैदा मिसळलाय का, मेटॅनिल येलो (खाण्यात बंदी असलेला पिवळा रंग) घातलाय का, हे विचाराल तर त्याच्याकडे उत्तर नाही. मैदा काय, हळद काय, दोन्ही मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची, आणि इतकी हलकी मूलद्रव्यं या यंत्राला दिसत नाहीत.

दुसरं एनआयआर, म्हणजे जवळच्या अवरक्त प्रकाशाचं. साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरचा प्रकाश, तोही छोट्या यंत्रात पूर्ण नसतो, काही १००० ला थांबतात, काही १७०० च्या आसपास. पुडीतल्या पाणी, पिष्ट, प्रथिनं, तेल यांच्या रेणूंचे बंध यातला थोडा थोडा प्रकाश शोषतात आणि त्या सगळ्याची मिळून एक लाटांसारखी रेघ येते. ती रेघ पाहून माणसाला काही कळत नाही, कॉम्प्युटरला आधी शेकडो खरे आणि भेसळीचे नमुने दाखवून शिकवावं लागतं. धणे पुडीत भुसा, हळदीत तांदळाचं पीठ, मिरी पुडीत दुसऱ्याच बिया, अशी शेकड्यात मोजायची भेसळ यात पकडता येते. पण साधं मीठ याला थेट दिसतच नाही, विटेची पूडसुद्धा बरीचशी नुसता मसाला पातळ झाल्यासारखी दिसते.

तिसरं रामन, आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या १९२८ च्या शोधावर चालणारं. लेसर मारायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग जो रंग बदलून येतो तो मोजायचा. याच्यात लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग), मेटॅनिल येलो असे पदार्थ थेट स्वतःच्या खुणेने दिसतात, हे त्याचं बलस्थान. अडचण अशी की हळदीतलं करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, लेसरखाली स्वतःच इतकं चमकतं की त्या झगमगाटात बाकीच्या खुणा बुडून जातात, म्हणून हळदीसाठी १०६४ नॅनोमीटरचा लेसर बरा पडतो आणि ती यंत्रं अजून महाग. गडद मिरची पूड लेसरने जळूही शकते, आणि तो लेसर डोळ्यांना घातक असतो.

आता सांगा, यातलं सोसायटीने कुठलं घ्यायचं? एक्सआरएफसाठी तर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते, शेवटी ते एक्स-रे आहेत, लहान मुलांच्या घरात फिरवायची वस्तू नाही. यंत्र वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट मला या यंत्रांबद्दल फार आशा आहे, पण त्यांची जागा आपला ओटा नाही. ती हवीत घाऊक बाजारात, पॉलिश करणाऱ्या कारखान्यात, बंदरावर, तपासणी अधिकाऱ्याच्या गाडीत. का ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : हळदीत शिसं असतं असं वाचल्यापासून मी पुडी आणणं बंद केलं, अख्खी हळकुंडं आणून गिरणीतून दळून आणते. आता तरी निश्चिंत राहू ना? आणि हे शिसं येतं कुठून, जमिनीतून का? (एक शिक्षिका, नाशिक)

मॅडम, पूर्ण निश्चिंत नाही. थोडं शिसं जमिनीतून येऊ शकतं, पण शेकडो पीपीएमचे आकडे येतात तेव्हा ते जमिनीचं नसतं. तो लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग असतो, पेंटमध्ये, प्लॅस्टिकमध्ये वापरायचा. आणि बांगलादेशात जे उघडकीला आलं त्यात तो पुडीत मिसळत नव्हते, तर अख्ख्या हळकुंडाला पॉलिश करताना लावत होते.

ही गोष्ट नीट सांगते, कारण हातातल्या यंत्राने खरोखर काय होऊ शकतं हे यातून कळतं. बांगलादेशच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि कुठून येतंय ते कळेना. ना जवळ कारखाना, ना शिशाचं पेट्रोल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोरसाइथ आणि बांगलादेशच्या अतिसार संशोधन केंद्राच्या लोकांनी माती, भांडी, अन्न सगळं तपासलं, शेवटी रक्तातल्या शिशाच्या समस्थानिकांचं (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण हळदीतल्या शिशाशी जुळलं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मग ते हळदीच्या वाटेने उलटे मागे गेले आणि हळद पिकवणाऱ्या ९ जिल्ह्यांपैकी ७ जिल्ह्यांत भेसळीचा पुरावा मिळाला. याची मुळं १९८० च्या दशकात सापडली, मोठ्या पुरात हळद भिजली, काळवंडली, तिला उठाव यावा म्हणून कोणीतरी हा रंग वापरला आणि पुढे गिऱ्हाईक तसलाच झगझगीत पिवळा रंग मागायला लागलं. पॉलिशवाल्यांपैकी अनेकांना तो विषारी आहे हे माहीतही नव्हतं.

त्यानंतर तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. बाजारात पत्रकं लावली, वर्तमानपत्रांतून सांगितलं, आणि ढाक्याच्या घाऊक बाजारात फिरतं न्यायालय घेऊन गेले, सोबत हातातलं एक्सआरएफ. नमुना तिथेच तपासला, शिसं निघालं, तिथल्या तिथे दोन व्यापाऱ्यांना दंड, माल जप्त. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत माल विकून मोकळं व्हायची सोयच राहिली नाही. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडत होतं, २०२१ मध्ये शून्य टक्के. गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंसुद्धा साधारण ३० टक्क्यांनी उतरलं. एक यंत्र, पण बरोबर जागी.

आता आपल्याकडे. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या २३ शहरांतली हळद तपासल्याचा अभ्यास आला, त्यात १४ टक्के नमुने २ पीपीएमच्या वर होते, आणि पाटणा, कराची, पेशावर इथल्या काही नमुन्यांत हजार पीपीएमच्याही वर शिसं होतं. आपली कायद्याची मर्यादा हळदीसाठी १० पीपीएम आहे, आणि लेड क्रोमेट मुळीच असता कामा नये. (बांगलादेशची मर्यादा २.५ आहे, आपलीही खाली यायला हवी असं माझं मत.) सगळ्या हळदीत विष आहे असा याचा अर्थ काढू नका, बहुतेक नमुने ठीक होते.

तुम्ही घरी काय करू शकता? हळकुंड घेताना बाहेरून लिंबासारखं झगझगीत, बोटाला पिवळी भुकटी लागते असं असेल तर सोडून द्या. एक हळकुंड मोडून बघा, खऱ्या हळदीत रंग आत असतो, बाहेरची साल जरा मळकट दिसली तर तो दोष नाही. सांगलीच्या बाजारात जुने लोक आधी मोडून आतला रंगच बघतात. पॉलिशच्या शेवटी ड्रममध्ये हळदीच्याच पुडीचं पाणी शिंपडायची पद्धत जुनी आहे आणि त्यात वावगं काही नाही, प्रश्न त्या पाण्यात दुसरं काय पडतं याचा आहे. म्हणूनच कमी पॉलिशची किंवा बिनपॉलिशची हळद मागा, वायगावची असो, सांगलीची असो की वसमतची. आपण झगझगीत पिवळा मागणं बंद केलं तर रंग लावायचं कारणच उरणार नाही.

प्रश्न : हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, म्हणजे हळदीत केमिकल आहे का? (एक वाचक, बारामती)

नाही हो. करक्युमिन अल्कलीत लाल होतं, साबण, सोडा, चुना कशानेही. हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर. डाग लाल झाला म्हणजे त्यात करक्युमिन आहे एवढंच.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर येतं की ग्लासभर पाण्यात मिरची पूड टाका, रंग उतरला तर भेसळ, नाही उतरला तर शुद्ध. मी दरवेळी करतो, आमची पूड पास होते. पण मुलगा म्हणतो बाबा ही टेस्ट काही कामाची नाही. कोण बरोबर? (एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

काका, दोघंही थोडे थोडे बरोबर. पाण्याची चाचणी खोटी नाही, एफएसएसएआयच्या (म्हणजे आपल्या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेतही ती आहे. पाण्यात विरघळणारा रंग असेल तर पूड पडताना त्याच्या रेघा खाली उतरताना दिसतात, विटेची पूड असेल तर तळाशी बसलेला गाळ बोटाने चोळल्यावर खरखरीत लागतो. हे कळलं तर चांगलंच.

पण मिरचीतला सगळ्यात बदनाम रंग म्हणजे सुदान, आणि तो पाण्यात विरघळतच नाही. तो बूट पॉलिश, मेण, तेल रंगवायचा रंग. २००३ मध्ये फ्रान्सला भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात तो सापडला आणि युरोपने लगेच निर्बंध आणले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये सुदान सापडला, त्यात आधी घेतलेली भेसळीची मिरची पूड होती, आणि तो सॉस ज्या ज्या पदार्थांत घातला होता ते सगळे मिळून ४०० हून जास्त पदार्थ दुकानांतून परत काढावे लागले. अशी पूड तुमच्या ग्लासात टाकली तर ती छान पास होईल.

मग काहीजण म्हणतात तेलात टाकून बघा. त्याचाही उपयोग नाही, मिरचीचा स्वतःचा रंग तेलातच सुटतो. मिसळीवरची तर्री लाल होते ती त्यामुळेच. तेल लाल झालं म्हणून सुदान नाही आणि नाही झालं म्हणून शुद्ध नाही.

आणि यंत्राचं काय, तर छोट्या एनआयआर किंवा रामन यंत्राला असे रंग साधारण शेकड्यात एक, फार तर हजारात एक भागापर्यंत दिसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हळदीतल्या मेटॅनिल येलोवर काम केलं होतं, तेही टेबलावरच्या चांगल्या यंत्रांवर, तर रामनला १ टक्क्यापर्यंत दिसला आणि अवरक्तवाल्याला ५ टक्क्यांपर्यंत. सुदानसाठी युरोपात दहा लाखांत अर्धा भाग इतकं कमी शोधतात. हातातल्या यंत्राने "काही नाही" म्हटलं तर त्याचा अर्थ "मला दिसेल इतकं नाही" एवढाच घ्यायचा. सुदानची खात्री प्रयोगशाळेतल्या क्रोमॅटोग्राफीनेच, म्हणजे पदार्थातले घटक वेगळे करून मोजायच्या पद्धतीनेच होते.

प्रश्न : आम्ही बारा-पंधरा बायका बचत गटातर्फे कांदा-लसूण मसाला करून विकतो, पुण्या-मुंबईला पण जातो. एक जण एनआयआर यंत्र विकायला आला होता, म्हणाला ९५ टक्के अचूक, पुडी समोर धरा, मोबाईलवर हिरवं किंवा लाल येतं, पाकिटावर "यंत्राने तपासलेला" असं छापा. कर्ज काढून घ्यावं का? (बचत गटाच्या अध्यक्षा, कोल्हापूर जिल्हा)

वहिनी, आधी त्या ९५ टक्क्यांचं बघू. समजा वर्षभरात तुमच्याकडे मालाची १००० पोती आली आणि त्यातली खरोखर भेसळीची २० आहेत. यंत्र त्यातली १९ पकडेल. पण उरलेल्या ९८० चांगल्या पोत्यांपैकी पाच टक्क्यांना, म्हणजे ४९ पोत्यांनाही ते लाल दाखवेल. एकूण ६८ लाल आणि त्यातली ४९ निर्दोष. ज्याच्याशी तुमचा दहा वर्षांचा व्यवहार आहे त्या शेतकऱ्याला तुम्ही विनाकारण परत पाठवाल. म्हणून असं यंत्र चाळणी म्हणून वापरायचं असतं, लाल आलं की नमुना प्रयोगशाळेत, निकाल तिथला.

दुसरं, ९५ टक्के कशावर? हे त्याला नक्की विचारा. यंत्र ओळखीचे आवाज ओळखणाऱ्या माणसासारखं असतं, ज्यांचे आवाज ऐकलेत त्यांनाच ओळखणार. त्याला फक्त गुंटूरची मिरची शिकवली असेल तर तुमची ब्याडगी त्याला परकी वाटेल, संकेश्वरी तर फारच. विचारा की तुमच्या लायब्ररीत, म्हणजे यंत्राला शिकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मीरी किती नमुने आहेत, किती वर्षांच्या पिकाचे आहेत, पावसाळ्यातले आहेत का. कारण एनआयआरमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतं ते पाणी, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास, आणि जुलैमधली दमट पूड मार्चमधल्या पुडीपेक्षा यंत्राला वेगळाच पदार्थ वाटू शकते. बारीक दळण आणि जाडसर दळण यानेसुद्धा रेघ हलते. यातल्या कशाचंही उत्तर विक्रेत्याकडे नसेल तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

तिसरं सगळ्यात मोठं. तुमच्या तयार मसाल्यावर ते चालणारच नाही. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, तेल, प्रत्येक घाण्याला प्रमाण जरा इकडेतिकडे होतंच, त्यात यंत्राने शुद्ध कशाला म्हणायचं? ते फक्त एकेका सुट्या पुडीवर, मिरची पूड वेगळी, धणे पूड वेगळी, अशा कामाचं.

आणि तुम्ही पत्रात लिहिलंय की मिरच्या अख्ख्या घेता, देठं काढून, वाळवून स्वतः कांडता. मग पुडीतल्या भेसळीचा तुमचा प्रश्न मुळात सुटलेलाच आहे! ते कर्ज यंत्रासाठी काढू नका. त्यापेक्षा एक चांगला ओलावा मोजायचा मीटर घ्या, मिरचीचा ओलावा ११ टक्क्यांच्या आत ठेवा, वाळवायला जमिनीऐवजी उंच जाळ्या करा. मिरचीत खरा धोका बुरशीचा, तिच्यातून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाचा, त्याची मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे आणि इतकं कमी त्या छोट्या यंत्राला दिसत नाही. हंगामात एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत शिसं, अफ्लाटॉक्सिन आणि सुदान एवढ्या तीन चाचण्या करून घ्या आणि तो रिपोर्ट गिऱ्हाईकाला दाखवा. "यंत्राने तपासलेला" यापेक्षा तो कितीतरी खरा.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते, दरवर्षी आई घरची हळद आणि मसाला पाठवते. इथे बाळाच्या तपासणीत रक्तातलं शिसं थोडं जास्त आलं आणि नर्सने विचारलं की तुम्ही बाहेरदेशातून मसाले आणता का. मला फार वाईट वाटलं, आईचा मसाला कसा असेल वाईट? (एक आई)

नर्सने विचारलं ते बरोबरच केलं, आणि तुम्हाला लागलं तेही समजू शकते. तिथे २०२१ पासून मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी डेसिलीटरला ३.५ मायक्रोग्रॅम धरतात, त्याच्या वर आलं की घरातली प्रत्येक गोष्ट विचारतात. जुना रंग, नळाचं पाणी, खेळणी, काजळ, कुंकू, मसाले. मसाल्यांवर त्यांचं लक्ष असण्याला कारणही आहे, २०२३ मध्ये तिथे लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीत इक्वाडोरमध्ये प्रक्रिया झालेली दालचिनी होती, तिच्यात २००० पीपीएमच्या वर शिसं निघालं आणि कितीतरी मुलांना बाधा झाली. शिशासोबत क्रोमियमही सापडलं, म्हणून लेड क्रोमेटचा संशय. वजनात शिसं आणि क्रोमियम साधारण चारास एक असे मिळाले की तज्ज्ञांचं लक्ष तिकडेच जातं.

तुमच्या बाबतीत अंदाज बांधत बसू नका. आईने मसाला प्रेमाने आणि स्वच्छ केला असेल, पण हळकुंडं तिनेही बाजारातूनच घेतलीत ना. उरलेली हळद, मिरची, कुंकू, काजळ वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत घालून तिथल्या आरोग्य खात्याला विचारा, शिशाच्या केसमध्ये घरातल्या वस्तू तपासून मिळतील का. निकाल येईपर्यंत बाळाला त्यातलं काही देऊ नका, आणि रक्ताची पुढची तारीख चुकवू नका. आईला फोनवर फक्त एवढं विचारा की हळद कोणाकडून घेतली, म्हणजे तिकडे दुसऱ्या कोणाच्या घरात जात असेल तर तिथेही कळेल.

प्रश्न : २०२४ मध्ये हाँगकाँग-सिंगापूरने आपले काही मसाले थांबवले होते, ते इथिलिन ऑक्साइड या यंत्रांनी सापडतं का? (एक वाचक, ठाणे)

नाही. तो जंतू मारायला वापरायचा वायू आहे, त्याचे अवशेष फार थोडे असतात, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. आणि ती आपण आतापर्यंत बोलतोय तशी रंगाची किंवा वजनाची भेसळ नाही, वेगळा विषय आहे.

प्रश्न : मी परभणीला फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही १८ चॅनेलचा छोटा सेन्सर घेतलाय, ४१० ते ९४० नॅनोमीटरचा, त्यावर हळदीतली भेसळ ओळखायची. पहिल्या निकालात ९९ टक्के अचूकता आली! सर म्हणाले फार छान. पण मला शंका येतेय. (एक विद्यार्थी)

तुला शंका आली याचा मला मनापासून आनंद झाला. ९९ टक्के बहुतेक वेळा यामुळे येतात की एकाच पुडीचे दहा-वीस स्कॅन घेतले, सगळे एकत्र कालवले आणि त्यातले काही शिकवायला, काही परीक्षेला वापरले. म्हणजे यंत्राने परीक्षेत तीच पुडी परत पाहिली. विभागणी स्कॅननुसार करू नको, पोत्यानुसार कर. ज्या शेतकऱ्याची, ज्या दुकानाची हळद शिकवताना वापरली ती परीक्षेत अजिबात यायला नको. मग तुझा आकडा उतरेल, आणि तो उतरलेला आकडाच रिपोर्टमध्ये लिही.

दुसरं, तुझ्या सेन्सरची मर्यादा समजून घे. ४१० ते ९४० मध्ये मुख्यतः डोळ्याला दिसतो तोच रंग येतो, पिष्टाच्या खुणा पुढे, १००० च्या पलीकडे जास्त ठळक असतात. भेसळ करणारा तर रंगच जुळवून देतो. म्हणून तांदळाचं पीठ नुसतं नको, पीठ आणि सोबत खायचा पिवळा रंग घालून, डोळ्याला सारखंच दिसेल असं मिश्रण करून बघ, तिथे सेन्सर टिकतो का ते कळेल. वसमत, सांगली, वायगाव तिन्हीकडची हळद आण, एवढ्या तीन जातीत करक्युमिनच इतकं वरखाली असतं की तेच यंत्राला भेसळ वाटू शकतं. सगळं एकाच चाळणीतून चाळ, एकाच ओलाव्याला आण, आणि मग मुद्दाम एक संच न चाळलेला, दमट ठेव, म्हणजे बाजारात काय होईल ते दिसेल. भेसळ ३० टक्क्यांवर ओळखली याला किंमत नाही, १५, १०, ५, २ असं खाली ये आणि कुठे हात टेकतो ते सांग. मित्राला नंबर घातलेल्या डब्या भरून द्यायला सांग, आत काय आहे ते तुला माहीत नको.

आणि लेड क्रोमेट प्रोजेक्टसाठी अजिबात आणू नकोस, ती पूड श्वासातून गेली तरी धोका आहे. शिशाचं काम ज्यांच्याकडे एक्सआरएफ आणि परवानगी दोन्ही आहे त्यांच्याकडे जाऊन बघ.

प्रश्न : एखाद्या दुकानातल्या मसाल्याचा संशय आला तर सामान्य माणसाने करायचं काय? एफडीएकडे तक्रार केली तर नमुना ते घेतात, पण मला स्वतःला तपासून घ्यायचं असेल तर? (एक वाचक, नागपूर)

कायद्यात त्याची सोय आहे, फार लोकांना माहीत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६, याच्या कलम ४० नुसार कुठलाही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एकच, घेताना दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. नमुना खराब निघाला तर भरलेली फी परत मिळते.

बंद पाकीट असेल तर न फोडता द्या, बॅच नंबर आणि तारखेचा फोटो काढून ठेवा, बिल जपा. सुटी पूड असेल तर कोरड्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबीत, आणि थोडी वेगळी घरी ठेवा. अर्जात नुसतं "भेसळ तपासा" असं लिहू नका, काय शोधायचं ते लिहा. हळदीसाठी शिसं, लेड क्रोमेट, मेटॅनिल येलो आणि बाहेरचं पिष्ट, मिरचीसाठी सुदान, पाण्यात विरघळणारे रंग आणि आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे वीट-माती असेल तर कळेल. तुमच्या जिल्ह्यात अन्न सुरक्षेची फिरती प्रयोगशाळा येत असेल तर पहिली चाळणी तिथे होऊ शकते, पण तिथला निकाल ठीक आला आणि तरी तुमचा संशय गेला नाही तर नमुना विश्लेषकाकडे द्याच.